उरेब

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये गचका खाऊन थांबली तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की बरं झालं. वर मीटिंग होती, मीटिंगमध्ये प्रशासक होते आणि प्रशासकांजवळ नव्या खुर्च्यांचा विषय होता. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला मात्र उशिराबद्दल कुणी बोल लावत नाही. दुसरा विचार सुचायच्या आत, तिच्याबरोबर अडकलेल्या एकुलत्या एका माणसाने दाराला कान लावला, बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं आणि घरच्या आजारी माणसाबद्दल बोलावं तशा समजूतदार आवाजात तो म्हणाला, "घाबरू नका ताई. दाराचा कॉन्टॅक्ट सुटलाय, बाकी काही नाही. ब्रेक कसा झकास लागला, ऐकलंत ना?"

"मी नाही घाबरले."

"मग उत्तम. मी जरा घाबरलोय, पण ते लिफ्टला नाही."

तो हसला. चाळिशीच्या अलीकडचा, उंच, हाताच्या रेघांमध्ये काळं वंगण कायमचं बसलेला माणूस. लिफ्ट दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा होता आणि गंमत म्हणजे आज तो धंद्यावर नव्हता. "बायकोला सांगून आलोय की हॉस्पिटलची लिफ्ट बिघडलीय, बघून येतो," तो म्हणाला. "साफ खोटं. आणि बघा, वरच्याने तेही खरं करून ठेवलं. मला धड खोटंसुद्धा बोलता येत नाही हो." मग त्याने शर्टाच्या खिशातून एक जाडसर लखोटा काढला आणि खुळखुळा वाजवावा तसा कानाशी हलवला. आत प्लास्टिकच्या चौकोनी तुकड्यांचा आवाज झाला. तो आवाज तिने आयुष्यभर ऐकला होता. मेणाचे ब्लॉक. माणसातून काढलेला तुकडा मेणात बुडवून, प्लास्टिकच्या चौकटीत थिजवून ठेवतात ते. "यात कोण आहे सांगा," तो म्हणाला. तिने मान हलवली. "मी. मी आहे यात."

अनोळखी माणसाजवळ जे बोलता येतं ते ओळखीच्याजवळ येत नाही, आणि बंद लिफ्टमध्ये तर माणूस अधिकच मोकळा होतो. त्या मोजक्या वेळात तिला सगळं कळलं. वृषणाभोवती पाणी साठून सूज आली होती, ती त्याने लाजेपायी वर्षानुवर्षं अंगावर काढली होती. शेवटी ऑपरेशन झालं, पाण्याची पिशवी कापून काढली, आणि एका लॅबने पिशवी तपासून लिहिलं, की हा कॅन्सर असावा. आता एक वृषण आजूबाजूच्या सगळ्या पसाऱ्यासकट काढायचं, आणि मग पुढे कुठे पसरलाय का ते बघायचं, असं ठरलं होतं. बायकोला महिने भरत आले होते, तिला हे सांगायचं कसं? "सर्जन म्हणाले, कापण्याआधी एकदा सातव्या मजल्यावरच्या बाईंना दाखवू. बाई म्हणे फार खडूस आहेत, पण नजर पक्की." तिने वर दिव्याकडे पाहिलं. तो बोलतच होता. "लहानपणापासून या लिफ्टींच्या पोटात वाढलोय मी. जुन्या लिफ्टींचे ब्रेक तोंडाने फुंकून साफ करायचो. ही पांढरी धूळ उडायची, मिशासुद्धा पांढऱ्या. आमचे उस्ताद म्हणायचे, बघा, पोरगा म्हातारा झाला." आणि तो पुन्हा हसला, दाराच्या दोन्ही फळ्यांना तळहात लावून त्याने त्या एकमेकींकडे हलकेच दाबल्या, आणि लिफ्ट, जणू त्याचंच बोलणं संपायची वाट पाहत होती अशी, वर निघाली.

सातव्या मजल्यावर त्याने विचारलं, लॅब कुठे हो? तिने डावीकडे बोट दाखवलं आणि स्वतः उजवीकडे वळली. जिना उतरून, खालच्या मजल्यावरून पूर्ण वळसा घालून, पुन्हा वर येऊन, मागच्या दाराने ती आपल्याच खोलीत चोरासारखी शिरली. असं का केलं, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. इतकी वर्षं ती हे काम करत होती. पण तिची माणसं काचेवर यायची, गुलाबी आणि जांभळ्या रंगात, बारीक, गप्प. त्यांना मिशा नसत. त्यांच्या बायकांना महिने भरत आलेले नसत. तिने आयुष्यात कुणाही रोग्याला तोंडाने निकाल सांगितला नव्हता. ती लिहायची, सही करायची, आणि सांगण्याचं जड काम दुसरं कुणी तरी दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत करायचं. आणि खरं सांगायचं तर या कामात ती सुखी होती. खिडकीशी मायक्रोस्कोप, बाजूला थंड होत चाललेला चहा, आणि डोळा भिंगाला लावला की उघडणारं ते रंगीत गाव. सकाळी पहिली स्लाइड लावताना तिला अजूनही आतून गुदगुल्या होत. हे वयाला शोभत नाही म्हणून ती ते कुणाला सांगत नसे.

तो बाहेर देऊन गेलेल्या लखोट्यात पहिल्या लॅबने केलेल्या काचाही होत्या. बाकीच्या सगळ्या साध्या निघाल्या. भानगड एकाच ब्लॉकची होती. ती काच तिने लावली आणि चहाचा कप बाजूला सरकवला. फुप्फुसांभोवती, हृदयाभोवती, पोटाच्या पोकळीत आतून एक पातळ, ओलसर, गुळगुळीत अस्तर असतं. तसंच ते वृषणालाही असतं, कारण आईच्या पोटात असताना बाळाचं वृषण वर पोटातच असतं, आणि खाली उतरताना ते वरचं अस्तर बरोबर घेऊन उतरतं. या अस्तराच्या पेशी स्वभावाने भित्र्या. आजूबाजूला पाणी साठलं, घर्षण झालं, जुनी सूज राहिली की त्या घाबरून वाढत सुटतात, घड्या घालतात, कोंब काढतात, खालच्या घट्ट तंतूंमध्ये सापडून बारीक बारीक नळ्याही करतात. वाईट मनात काही नसतं. आणि कॅन्सरही नेमकं हेच करतो. चेहऱ्यावरून ओळखायला जावं तर फसगत ठरलेली, कारण घाबरलेली भली पेशी दरोडेखोरासारखी दिसते आणि अट्टल दरोडेखोर कित्येकदा अगदी सभ्य चेहऱ्याने बसलेला असतो. विचारायचं ते एवढंच, की या थांबल्या कुठे? भल्या पेशी वरच्या कडेला धरून, एका पातळीवर, रांग मोडत नाहीत. वाईट पेशी सरळ खाली उतरतात, वाटेत येईल ते फोडत, चरबीत घुसतात. आणि इथे रांग नव्हती. नळ्या होत्या, पण मूठभर वाटाणे फरशीवर सांडावेत तशा कुठेही, कशाही. वर कुठलं, खाली कुठलं, ते कळत नव्हतं. एका कोपऱ्यात चरबीचा पांढरा ठिपका होता आणि त्याला जवळजवळ टेकून एक नळी उभी होती.

ती मागे टेकली. नेहमी अशा वेळी तिचं डोकं गार होत जाई. आज गार होईना. पांढरी धूळ. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि अस्तराच्या या कॅन्सरचं आणि ॲस्बेस्टॉसच्या धुळीचं जुनं वैर नव्हे, जुनं सख्य. ते कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं. ते फक्त तिला ठाऊक होतं, लिफ्ट अडकली म्हणून. आणि तेवढंच ठाऊक असतं तर एक वेळ चाललं असतं. पण तो तिला आवडलाही होता. असं कसं म्हणायचं, पण होता. लखोटा खुळखुळ्यासारखा वाजवून "यात मी आहे" म्हणणारा माणूस कुणाला आवडणार नाही? आता या काचेवर साधं म्हणावं, तर तो आवडला म्हणून म्हटलं नाही ना? आणि वाईट म्हणावं, तर आवडीला घाबरून, धुळीला घाबरून म्हटलं नाही ना? माणूस आवडला म्हणून पेशी बदलत नाहीत, असं तिने स्वतःला दरडावलं. पेशी बदलल्या नाहीतच. तिच्याच नजरेत काही तरी आल्यासारखं तिला वाटत राहिलं, डोळ्यात केस जावा आणि सापडू नये तसं. तिने काच काढली, पुसली, पुन्हा लावली. दुपार उलटली. मीटिंग संपून खुर्च्यांचं काय झालं हे सांगायला कुणी तरी येऊन गेलं. तिने रिपोर्टचा कोरा कागद समोर ओढला आणि त्यावर एकही अक्षर न लिहिता पेनाचं टोपण लावून टाकलं.

नजर बिघडली की काय करायचं हे तिला लहानपणी शिकवलं होतं. डोळे मिटायचे, लांबचं काही आठवायचं. तिला वडिलांचं दुकान आठवलं. वडील शिंपी. दुकान म्हणजे एक खोली, एक मशीन, आणि मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात बसलेली ती. सुईत दोरा ओवायचं काम तिच्याकडे, कारण त्या घरात तिच्याइतकी बारीक नजर कुणाचीच नव्हती. म्हणून तिचं नावच सुई पडलं. शाळेच्या हजेरीत दुसरं नाव होतं, पण ते फक्त हजेरीत. इस्त्रीच्या वाफेचा वास, खडूच्या निळ्या रेघा, वडिलांच्या गळ्यातली टेप. अस्तराच्या कापडाचा एक वेगळाच थंड, सुळसुळीत स्पर्श असतो, तो तिला गालाला लावायला आवडायचा. वडील म्हणायचे, "वरचं कापड काय, कुणीही बघतं. शिंपी ओळखायचा तो अस्तरावरून." पुढे ती डॉक्टर झाली, आणि डॉक्टरीतही फिरत फिरत माणसाच्या अस्तरापाशीच येऊन थांबली, तेव्हा वडील इतके हसले होते की त्यांना ठसका लागला. "एवढं शिकून शेवटी आमच्याच धंद्यात आलीस!" ते आठवून ती एकटीच खुदकन हसली. पण डोळे उघडले तेव्हा काचेवर वाटाणे तसेच सांडलेले होते.

संध्याकाळी ती घरी गेली. वडील आता तिच्याकडेच असायचे, खिडकीपाशी, आरामखुर्चीत. डोळ्यांपुढे धुकं आलं होतं, पण बोटांपुढे आलं नव्हतं. घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्याचा काठ चाचपल्याशिवाय ते त्याला बसू देत नसत. पोस्टमनसुद्धा त्यातून सुटला नव्हता. "सुई, आलीस? इकडे ये. आज पावलं जड वाजतायत."

"दमले बाबा."

"दमलीस तर धपकन बसतेस. आज हळू बसलीस. काही तरी झालंय." बोलता बोलता त्यांनी तिच्या बाहीची कड दोन बोटांत धरली. नवा सदरा होता, उभ्या रेघांचा, तयार विकत घेतलेला. आणि तयार कपडा म्हणजे त्यांच्या लेखी घराला लागलेला कलंक. "कुठल्या गाढवाने शिवलाय हा?"

"बाबा, तो यंत्रावर शिवलाय. तिथे गाढव नसतं."

"मग यंत्र गाढव आहे." त्यांनी बाही ओढली. ती लांबली, सोडली तशी आखडली. "हे बघ. बाही उरेब कापलीय."

"फॅशन असते ती."

"असू दे. पण तुला वाटणार कापड सैल आहे, वाईट आहे, रेघा वाकड्या आहेत. कापडाला काय झालंय? कापड चांगलं आहे. कापलंय उरेब, म्हणून ताणतंय."

तिने आपल्या बाहीकडे पाहिलं. रेघा तिरक्या, लांबट, एकमेकींना ओलांडत गेल्यासारख्या. आणि एकाएकी ती लहान झाली, मशीनखालच्या चिंध्यांमध्ये. वडील गळ्याच्या पट्टीसाठी रेघांचं एक सुंदर कापड मुद्दाम तिरकं कापतायत, कोनातून, उरेब, कारण वळणावर बसायला पट्टी उरेबच लागते. तिच्या हातात पडलेल्या पट्टीवरच्या रेघा पार बिघडलेल्या, सरळ काही म्हणून उरलेलं नाही, आणि ती भोकाड पसरून रडतेय की तुम्ही कापड खराब केलंत. वडील हसतात. ती पट्टी उचलतात, जिथून कापली तिथे परत ठेवतात, आणि रेघा जिथल्या तिथे जुळून सरळ धावत जातात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हे सगळं तिला इतकं लख्ख दिसलं की ती उठून उभी राहिली.

"रक्तवाहिन्या!" ती म्हणाली.

"काय?"

"बाबा, रक्तवाहिन्या लांबट होत्या. सगळ्याच्या सगळ्या. एकाच दिशेने."

"असतील," वडील म्हणाले. मुलीच्या धंद्यातलं असं काहीबाही ऐकायची त्यांना सवय होती. "पण बाही बदलून आण."

तिने वडिलांच्या टकलाचा मुका घेतला. हे तिने कित्येक वर्षांत केलं नव्हतं, आणि ते इतके चपापले की पुढचं वाक्यच विसरले. नळी आडवी कापली तर तोंड गोल दिसतं, तिरकी कापली तर लांबुळकं. त्या काचेवर एकही वाहिनी गोल नव्हती, आणि ते तिने दिवसभर पाहिलं होतं आणि तरी पाहिलं नव्हतं. अस्तराची कड रेघेसारखी दिसण्याऐवजी चांगली रुंद, फासल्यासारखी पसरलेली होती, तेही तसंच. पिशवीची ती चिंचोळी पट्टी मेणात काठावर उभी राहायला हवी होती. ती कलंडून आडवी पडली होती. हजारांत एखादी पडतेच. मग सुरीने अस्तर वरून खाली न कापता सपाट, उरेब खरवडलं, आणि रांगेतल्या नळ्या साऱ्या काचभर सांडल्या. असं असू शकेल. असेलच असं मात्र नव्हे. रात्रीचं जेवण तिने चवीने जेवलं, आणि जेवताना स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं, की उरेब कापलेला कॅन्सरही उरेबच दिसतो.

सकाळी तिने पहिल्या लॅबच्या डॉक्टरांना फोन केला. तो भला गृहस्थ होता. वितळवा, म्हणाला, माझ्याही डोक्यातून ती केस जात नाहीये, मलाही कळवा. मग ती ब्लॉक घेऊन मेणबाईकडे गेली. मेणबाई म्हणजे लॅबमधली तंत्रज्ञ, तुकडे मेणात बसवणारी; तिला खरं नाव होतं, पण ते तीसुद्धा विसरल्यासारखी वागे. तिने ब्लॉक उजेडात धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मॅडम, परक्याचा ब्लॉक वितळवायचा? आणि आत उरलंय केवढं, नखाएवढं. एकदा चुकलं की खलास. उद्या मला साक्षीला उभं करतील."

"मी असेन ना शेजारी."

"तुम्ही असाल हो. पण तुम्हाला बसायला खुर्ची देतील."

खरंच खलास. नखाएवढा तुकडा, त्यातला निम्मा आधीच कापून संपलेला. पुन्हा कलंडला, फाटला, सुरीखाली चुरडला, तर मग जगात कुठेच काही पाहायला उरणार नव्हतं, आणि सर्जन ठरल्याप्रमाणे काढून मोकळे होणार होते. त्यांचं तरी काय चुकलं असतं? मेण वितळलं, पारदर्शक झालं, आणि त्या कोमट, स्वच्छ ओलाव्यात ती फिकट पट्टी तरंगायला लागली. यात मी आहे, तो म्हणाला होता. मेणबाईने बारीक चिमट्याने पट्टी उचलली, वळवली, काठावर उभी केली. ती कलंडली. पुन्हा उभी केली. "मॅडम, तुमचा श्वास लागतोय, मेण हलतंय," मेणबाई ओठ न हलवता म्हणाली. मॅडमनी श्वास धरला. पट्टी उभी राहिली, मेण कडेने पांढरं होत आत आत गोठत गेलं, आणि त्या दोघी बायका पहिल्यांदा उभं राहिलेलं पोर पाहावं तशा त्या मेणाच्या चौकोनाकडे बघत बसल्या.

दुपारी रंगवलेली नवी काच आली. ती तिने आधी खिडकीकडे धरून नुसत्या डोळ्यांनी पाहिली: डाग नव्हता, रेघ होती. बारीक, जांभळी, सरळ रेघ. मग तिने काच मायक्रोस्कोपखाली ठेवली, पण डोळा लावायचं धाडस होईना, म्हणून थंड चहा संपवला, आणि मग लावला. वर अस्तर. जाड झालेलं, घड्या पडलेलं, चांगलंच चिडलेलं, पण आपल्या जागी. त्याखाली तंतूंची पट्टी. आणि त्या पट्टीत त्या नळ्या, कालच्याच, त्याच, सगळ्या एका रांगेत, एका पातळीवर, अस्तराच्या कडेला समांतर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या रांगेखाली एकही नाही. तंतू स्वच्छ. चरबी स्वच्छ, बरीच खाली, कुणाचाही धक्का न लागलेली. पट्टी पुन्हा कापडात नेऊन ठेवली होती आणि रेघा जुळल्या होत्या. तिने टेबलावर थाप मारली, इतक्या जोरात की मेणबाई धावत आली. "काय फुटलं?" "काही नाही फुटलं! काहीच फुटलं नाही! ये, बघ!" आनंद म्हणतात तो हाच असतो, दुसरा कुठला असतो तिला ठाऊक नव्हतं, आणि या क्षणी नकोही होता. तो माणूस आवडल्यामुळे हे झालं नव्हतं. आवडला नसता तरी रांग इथेच असती. आणि तरीही तो आवडत होता, आणि दोन्ही गोष्टी एका खोलीत सुखाने नांदत होत्या, हे तिला फार मजेचं वाटलं.

पण खडूस ती खडूसच. तीच पट्टी आणखी खोल कापून पुन्हा काचा करवून घेतल्या. बाकीचे ब्लॉक नव्याने पाहिले. खास रंग मागवला, ज्यात कॅन्सरच्या पेशींची केंद्रकं बरेचदा रंग न घेता कोरी राहतात. एकट्या त्या रंगावर तिने सही केली नसती. पण केंद्रकं एकूण एक तपकिरी झाली, चहात बुडवल्यासारखी, आणि रांग प्रत्येक काचेत जागच्या जागी राहिली. मग तिने लिहिलं: अस्तराची साधी, जुन्या पाण्यामुळे आणि सुजेमुळे झालेली वाढ. कॅन्सर नाही. आधीचा काप तिरका गेल्याने वाढ खोलवर शिरल्यासारखी भासली होती. खाली, ब्रेकच्या धुळीचा उल्लेख करून, फुप्फुसांची तपासणी अधूनमधून होत राहावी असंही लिहिलं, कारण आनंद झाला म्हणून धूळ नाहीशी होत नाही. पहिल्या लॅबच्या गृहस्थाला कळवलं. सर्जनला फोन केला. सर्जन म्हणाले, "मी त्याला सांगतो. पण तो ब्लॉक न्यायला तुमच्याकडेच येईल, सांभाळा."

तो आला तो दारातच थबकला. "तुम्ही?" त्याने बाहेर जाऊन दारावरची पाटी वाचली आणि परत आत आला. "अरे देवा. लिफ्टमध्ये मी काय काय बोललो!"

"खडूस म्हणालात."

"ते सर्जन म्हणाले होते हो!"

"नजर पक्की, असंही म्हणाले होते ना? मग झालं तर. डॉक्टरांनी सांगितलं ना तुम्हाला?"

"सांगितलं. फोनवर." तो उभाच होता, हातात टोपी चुरगळत. लिफ्टमधला मोकळेपणा कुठे गेला होता कोण जाणे. "राग मानू नका ताई. कॅन्सर आहे हेही मला फोनवरच कळलं होतं. आता नाही हेही फोनवर. आमच्या धंद्यात कुणी फोनवर म्हणालं लिफ्ट ठीक आहे, तर आम्ही आत पाय ठेवत नाही. स्वतः बघितल्याशिवाय." मग अगदी हळू, "बघता येईल का मला?"

तिने त्याला दोन जोड्या डोळ्यांच्या मायक्रोस्कोपसमोर बसवलं, समोरासमोर, म्हणजे ती पाहील तेच त्यालाही दिसावं. आधी जुनी काच लावली. त्याला नुसता रंग दिसला. मग नवी लावली, आणि काचेवरचा छोटा हिरवा बाण हलवत तिने सांगितलं: हे वर तुमचं अस्तर. हे मुळात वर पोटातलं, जन्माआधी वृषणाबरोबर खाली उतरलं. "म्हणजे लिफ्टने," तो डोळा न काढता पुटपुटला. हो, लिफ्टने. आणि या पाहा नळ्या. घाबरून झालेल्या, पण एका ओळीत. खाली एकही गेलेली नाही. आधी तुकडा कलंडला होता म्हणून सगळं विस्कटून दिसलं. तो खूप वेळ पाहत राहिला. त्याचा उजवा हात टेबलावर आपोआप हलायला लागला, बोट वरून खाली, सावकाश, टोकाला वजन बांधलेली दोरी हातात असल्यासारखं. "ओळंब्यात आहे," शेवटी तो म्हणाला. "एकदम ओळंब्यात." आणि तरी त्याने डोळे भिंगावरून काढले नाहीत. तिला समोरून त्याचे फक्त खांदे दिसत होते, ते हलत होते, आणि तिच्याही डोळ्यांपुढची रांग पाण्यात गेल्यासारखी झाली, तेव्हा तिने बाण उगाचच इकडेतिकडे फिरवला.

मग त्याने नाक पुसलं, फोन काढला आणि बायकोला लावला. फोन त्याने टेबलावरच ठेवला, आवाज मोठा करून. "झालं गं," तो घसा खाकरून, मोठ्या ऐटीत म्हणाला. "लिफ्टचं काम झालं. बघितली मी नीट. काही बिघाड नाही."

पलीकडून एका बाईचा आवाज, दमलेला आणि स्पष्ट: "लिफ्ट गेली खड्ड्यात. सातव्या मजल्यावरच्या बाई काय म्हणाल्या, ते सांग."

त्याचं तोंड उघडं राहिलं. "तुला कुणी..."

"तुझा शर्ट कोण धुतं? खिशातल्या लखोट्यातली सर्जनची चिठ्ठी मी पहिल्याच दिवशी वाचली. तू सांगशील म्हणून वाट बघत बसले. सांग ना रे आता."

तो बोलायला गेला आणि त्याला ना हसू आवरेना ना रडू. त्याने दोन्ही हातांनी फोन उचलून तिच्यापुढे धरला. तुम्हीच सांगा, एवढंच त्या चेहऱ्यावर होतं. तिने फोन घेतला. रिपोर्टमधलं प्रत्येक वाक्य तिला पाठ होतं आणि त्यातलं एकही या फोनमध्ये बोलण्याजोगं नव्हतं. पलीकडे ती बाई श्वास धरून होती. तिला तो धरलेला श्वास ऐकू येत होता.

"मी सातव्या मजल्यावरची बाई बोलतेय," ती म्हणाली, आणि पुढे जे तोंडून बाहेर पडलं ते तिच्या वडिलांचं होतं. "कापड चांगलं आहे हो. आधी उरेब कापलं गेलं होतं, एवढंच."

"म्हणजे?"

"म्हणजे कॅन्सर नाही. काही काढायचं नाही. घरी पाठवते त्यांना."

धरलेला श्वास सुटला. मग बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं, आणि त्या रडण्यातच कुठे तरी हसणं मिसळलं, आणि मग नाक ओढून, हक्काच्या, घरच्या आवाजात ती बाई म्हणाली, "मग लवकर पाठवा. स्वयंपाकघरातला नळ कधीचा गळतोय."

तिने फोन कानापासून दूर केला. "नळ गळतोय म्हणे."

"माहितीय," तो म्हणाला, आणि टोपीत तोंड खुपसून रडायला लागला.